‘हरित’ उपकरणाचे आयुष्य अंशांत आणि तासांत छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विजेवरची वाहने, इंडक्शन शेगड्या, हीट पंप, सौर इन्व्हर्टर यांच्या बातम्या आणि जाहिराती आपल्या अंकात नेहमी असतात. बहुतेक ठिकाणी एक हिरवे पान काढलेले असते आणि ‘पर्यावरणपूरक’ असा शब्द असतो. वापरताना धूर निघत नाही, एवढ्या भांडवलावर तो शब्द मिळतो. आम्ही पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची रचना आणि दुरुस्ती अशी दोन्ही कामे करणारे लोक आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की विद्युतीकरण कितपत स्वच्छ ठरणार हे त्यातल्या सर्वांत अल्पायुषी भागावर अवलंबून असते. तो भाग कोणता, किती तापमानाला किती तास टिकतो आणि बदलता येतो की नाही, हे खोक्यावर कुठेच लिहिलेले नसते.

बहुतेक वेळा तो भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, विद्युतभार साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा. ॲल्युमिनियमचे लहानसे डबडे, आत द्रवात भिजलेला कागद, खाली रबराचे बूच. उष्णतेने हा द्रव बुचातून हळूहळू उडून जातो. तो कमी झाला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की त्याच प्रवाहाने तो आणखी तापतो आणि तापला की द्रव आणखी वेगाने उडतो. कपॅसिटरवर ‘105 अंश’ छापलेले असते; तास मात्र कंपनीच्या डेटाशीटमध्येच (तांत्रिक माहितीपत्रकात) सापडतात, स्वस्त मालात सहसा 2000. व्यवहारातला ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. म्हणजे 105 अंशांना 2000 तास, 95 ला 4000, 85 ला 8000.

आता एलईडी बल्ब घ्या. खोक्यावर 25,000 तास लिहिलेले असते. तो आकडा एलईडीचा प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर यायला लागणाऱ्या काळाचा असतो. ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या आणि हा कपॅसिटर असलेल्या सर्किटचा, त्याच्याशी संबंध नाही. ड्रायव्हर बसतो बल्बच्या मानेत, जिथे हवा खेळत नाही. बंद शेडमध्ये तिथले तापमान 85 अंशांपर्यंत गेले, तर 2000 तासांचा कपॅसिटर 8000 तासांत संपतो. रोज 8 तास दिवा लावला, तर तीन वर्षे पुरी होण्याच्या आत. त्याच कपॅसिटरकडून 25,000 तास काढायचे असतील, तर मानेतले तापमान 69 अंशांच्या खाली ठेवावे लागेल. नाहीतर 105 अंशांना 10,000 तासांचा कपॅसिटर घालावा. तो 85 अंशांतही 40,000 तास जातो. दोन्ही दिसायला जवळपास सारखेच असतात. एक बाद झाला म्हणून प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम, तांबे आणि ठणठणीत एलईडी सगळेच कचऱ्यात जाते.

कपॅसिटरच नको म्हणून काही बल्बांत सरळ लिनिअर ड्रायव्हर (जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवणारे साधे सर्किट) घालतात. तिथे दुसरी अडचण उभी राहते. एलईडींची एकच माळ असते आणि त्यांतून कमाल मर्यादेजवळचा प्रवाह सोडलेला असतो. माळेतली एक एलईडी तुटली की सारा बल्ब अंधारात. फेकलेले बल्ब उघडले तर अशा एलईडीवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. यावरचा उपाय गुंतागुंतीचा नाही: एलईडी जास्त घालायच्या आणि प्रत्येकीतून प्रवाह कमी सोडायचा. प्रवाह कमी असला की एलईडी गार राहते आणि दर वॅटमागे प्रकाशही जास्त देते. 2016 मध्ये दुबईसाठी फिलिप्सने काढलेला दिवा याच विचाराने बनवला होता. 3 वॅटमध्ये 600 लुमेन (प्रकाशाचे एकक), म्हणजे वॅटला 200. एलईडी मात्र जास्त लागतात, आणि खर्चाची गाडी तिथेच अडते.

हाच कपॅसिटर चार्जरमध्ये, टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये, वॉशिंग मशीनच्या बोर्डावर बसलेला असतो. पॉवर सप्लाय नुसता टिक टिक करतो आणि चालू होत नाही, अशी तक्रार आली की आधी कंट्रोल आयसीशेजारचा (सप्लाय चालवणाऱ्या चिपशेजारचा) छोटा कपॅसिटर तपासावा. 22 किंवा 47 मायक्रोफॅरडचा असतो. वरून फुगलेला दिसेलच असे नाही. लहान आकारात तो न फुगता सुकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर न जाता ईएसआर (वर सांगितलेला अंतर्गत रोध) मोजणारा मीटर लावावा. नवा घालताना क्षमता तीच ठेवावी, व्होल्टेज तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान 105 अंश, ईएसआर कमी, आणि ध्रुव उलटे होऊ देऊ नयेत. त्याआधी मुख्य कपॅसिटर रिकामा करणे आलेच. 230 व्होल्टच्या जोडणीत त्यावर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये, 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरावा आणि मीटरने खात्री करावी. एवढ्या कामाने चालू होणारा बोर्ड भंगारात जातो, कारण सर्किटचा नकाशा मिळत नाही आणि खोके चिकटवलेले असते.

मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी नाही. सौर पॅनेल 25 वर्षे चालते. इन्व्हर्टर सहसा त्याच्या निम्मीच वर्षे काढतो. तो भर उन्हातल्या भिंतीवर टांगला, हीटसिंकचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचे) पंख आडवे ठेवले किंवा त्यांत धूळ साचू दिली, की दहा अंश हा हा म्हणता चढतात आणि वरच्या ठोकताळ्याने आयुष्य अर्ध्यावर येते. सावलीत, खालीवर हवेला वाट ठेवून, पंख उभे राहतील असा टांगणे याला जादा खर्च काही नाही. छतावर बिघडणारी दुसरी जागा म्हणजे कनेक्टर. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खटकन बसतात, पण आतल्या पिनांची मापे आणि वरचा मुलामा वेगळा असल्याने संपर्काचा रोध वाढत जातो आणि प्लॅस्टिक वितळते. डीसीचा आर्क (हवेतून उडत राहणारी ठिणगी) एसीसारखा दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येऊन विझत नाही, त्यामुळे आग लागण्याचा धोका खरा आहे. जोडीतले नर आणि मादी दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे घ्यावेत आणि क्रिंपिंग (तार पिनेत दाबून बसवणे) त्यासाठीच्या हत्यारानेच करावे. पक्कड चालत नाही.

कारखान्यातल्या मोटरींबाबत हिशेब उलटा लागतो आणि तो लोकांना चटकन पटत नाही. फोनसारख्या वस्तूत बहुतांश कार्बन ती बनवतानाच खर्ची पडलेला असतो, म्हणून ती दुप्पट वर्षे वापरणे हाच सर्वांत मोठा बचाव. मोटरीचे तसे नाही. 11 किलोवॅटची मोटर वर्षाला 6000 तास पूर्ण भाराने चालली तर सुमारे 72,000 युनिट वीज घेते. तिच्यातल्या लोखंड-तांब्यामागचा भार या विजेपुढे फारच किरकोळ. कार्यक्षमतेच्या आयई3 वर्गाऐवजी त्यावरचा आयई4 घेतला, तर कार्यक्षमता 91.4 वरून 93.3 टक्क्यांवर जाते आणि वर्षाला साधारण 1,470 युनिट वाचतात. पण त्याच मोटरीवर पंखा असेल आणि हवा नेहमीच पुरी लागत नसेल, तर व्हीएफडी (मोटरीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून वेग 80 टक्क्यांवर आणल्यास पंख्याला लागणारी शक्ती 51 टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. मोटर बदलण्याआधी हे करावे. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र हे घनाचे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. उंची वेगावर अवलंबून नसते आणि वेग फार उतरवला तर पंप पाणीच चढवत नाही.

व्हीएफडीतही पुन्हा तोच कपॅसिटर, फक्त मोठा. ‘आणीबाणीला असावा’ म्हणून फडताळात ठेवलेला ड्राइव्ह दोन-तीन वर्षांनी सरळ पूर्ण व्होल्टेजवर लावला, तर कपॅसिटर फुटू शकतो. पडून राहिल्यावर आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि गळती प्रवाह वाढतो. व्हेरिॲकने (व्होल्टेज हळूहळू चढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) आधी 25 टक्के, मग 50, 75 आणि 100 टक्के, प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबत व्होल्टेज चढवावे. तीन वर्षांहून अधिक काळ पडून असेल तर प्रत्येक पायरीला दोन तास. नेमके आकडे कंपनीच्या पुस्तिकेत असतात, तेच पाळावेत. ही माहिती नसल्याने कोरे ड्राइव्ह पहिल्याच दिवशी भंगार होतात आणि दोष ‘खराब विजे’वर जातो.

आता सोल्डरकडे, म्हणजे भाग बोर्डाला जोडणाऱ्या वितळत्या धातूकडे, वळतो. ‘शिसेमुक्त’ या शब्दाने अनेकांना वाटते की प्रश्न सुटला. विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर बंधन घालणारा युरोपीय संघाचा रोह्स निर्देश 1 जुलै 2006 पासून लागू झाला आणि शिशाची मर्यादा वजनाच्या 0.1 टक्का ठरली. ते योग्यच झाले. पण जुने 63-37 कथील-शिशाचे सोल्डर 183 अंशांना वितळत असे. त्याच्या जागी आलेले कथील-चांदी-तांब्याचे एसएसी305 वितळते 217 ते 220 अंशांना. बोर्ड सोल्डर करायची भट्टी 240 अंशांच्या आसपास न्यावी लागते. वीज जास्त लागते, चांदी लागते, आणि ओलावा धरलेली चिप त्या उष्णतेत आतून फुटते. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळीही जुना बोर्ड तापवण्याआधी वाळवून घ्यावा लागतो.

हा ताण कमी करण्यासाठी आता कथील-बिस्मथ सोल्डर आले आहे. 42-58 च्या प्रमाणातले मिश्रण 138 अंशांनाच वितळते. भट्टीची वीज वाचते, पातळ चिप वाकत नाही. ते ठिसूळ आहे, हा एक दोष. दुसरा दोष दुरुस्तीच्या टेबलावर कळतो. अशा सांध्यावर कुणी सवयीने शिशाचे सोल्डर लावले, तर कथील, शिसे आणि बिस्मथ यांचे 96 अंशांच्या आसपास वितळणारे मिश्रण तयार होते. दुरुस्ती केल्यावर बोर्ड चालतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि पॉवर ट्रान्झिस्टर तापला की सांधा सुटतो. म्हणून अशा बोर्डावरचे जुने सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) पूर्ण उचलावे, शिसे लागलेली टिप वापरू नये, आणि मुळात कोणते सोल्डर आहे हे बोर्डावर छापलेले असावे. त्यासाठी जे-एसटीडी-609 या मानकात खुणाही आहेत: ‘ई1’ म्हणजे कथील-चांदी-तांबे, ‘ई6’ म्हणजे बिस्मथ असलेले. दोन अक्षरांची शाई, पण ती अनेक बोर्डांवर दिसत नाही. जाता जाता: बिस्मथचा बराचसा पुरवठा शिशाच्या शुद्धीकरणातूनच होतो. शिसे टाळण्यासाठी शिशाच्या भट्टीवर अवलंबून राहायचे, असा हा मामला आहे.

बॅटरीबद्दल रोज लिहिले जाते, म्हणून थोडेच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये कोबाल्ट-निकेल नसते, आगीचा धोका कमी असतो आणि चार्जिंगची आवर्तने जास्त मिळतात. पण नेमके कोबाल्ट-निकेल नसल्यामुळे तिच्या भंगाराला फारसा भाव येत नाही, आणि पुनर्वापर करणाऱ्याला वरून पैसे दिल्याशिवाय तो अनेकदा हात लावायला तयार नसतो. ‘स्वच्छ’ रसायनाची ही दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. युरोपीय संघाने 2023 च्या बॅटरी नियमात टाकाऊ बॅटरीतील लिथियम 2027 अखेर 50 टक्के आणि 2031 अखेर 80 टक्के परत मिळवण्याचे बंधन घातले आहे, ते यासाठीच. बाजारावर सोडले असते तर लिथियम मळीत (धातू वितळवताना उरणाऱ्या गाळात) गेले असते.

बॅटरी पॅकमध्ये सहसा सगळे सेल एकदम मरत नाहीत. मालिकेतला एक गट आधी कमजोर होतो, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) त्या गटाला पाहून सारा पॅक बंद करते, आणि बाकीचे बरे सेल त्याच्याबरोबर जातात. सेल फोमने किंवा गोंदाने जखडलेले असतील तर तो गट काढणे अशक्य. स्क्रूने बसवलेले मॉड्यूल असेल तर बदलता येते. मात्र बदली सेल क्षमता आणि अंतर्गत रोध जुळवून घ्यावेत, नाहीतर वर्षभरात तोच प्रकार पुन्हा. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला निकेल-कोबाल्टचा सेल पुन्हा चार्ज करू नये. आतले तांबे विरघळून भलत्या जागी बसलेले असते आणि सेल पुढे कधीही शॉर्ट होऊ शकतो. शून्य अंशाखाली चार्जिंग नको, आणि महिनोन्‌महिने ठेवायची बॅटरी निम्म्या चार्जवर, थंड जागी ठेवावी. पूर्ण भरून उन्हात ठेवणे हे तिला मारण्याचे सर्वांत सोपे साधन.

वीज पोहोचवणाऱ्या जाळ्याकडे कुणी बघत नाही. मध्यम आणि उच्च दाबाच्या अनेक स्विचगिअरमध्ये (प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पेट्यांमध्ये) सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो. उत्तम विद्युतरोधक, पण तापमानवाढीच्या हिशेबात एक किलो वायू 23 हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. 24 किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये तो वापरायला युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून काही अपवाद सोडता मनाई केली आहे. त्या दाबाला निर्वात इंटरप्टर (प्रवाह निर्वातात तोडणारा स्विच) आणि कोरडी हवा हा पर्याय सिद्ध झालेला आहे. पेटी थोडी मोठी होते, एवढेच. नवे उपकेंद्र उभारताना निविदेत एक ओळ घालण्याचा हा विषय आहे.

आणि सॉफ्टवेअर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला, आणि पुढच्या आवृत्तीच्या हार्डवेअरच्या अटींत न बसणारे चांगले चालणारे संगणक एका तारखेने ‘जुने’ झाले. त्यांतला एकही कपॅसिटर सुकलेला नव्हता. इन्व्हर्टर आणि वाहनांचे चार्जर आता त्याच वाटेवर आहेत: कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर ॲप बंद आणि ॲप बंद तर यंत्र मुके. चार्जर घेताना ओसीपीपी आणि इन्व्हर्टर घेताना मॉडबस (कोणत्याही कंपनीच्या यंत्रणेशी बोलण्याच्या खुल्या पद्धती) चालते का, आणि इंटरनेटशिवाय यंत्र चालते का, हे आधी विचारावे. युरोपात जून 2025 पासून फोनसाठी काही अटी लागू आहेत: विक्री थांबल्यावर 7 वर्षे सुटे भाग, 5 वर्षे सॉफ्टवेअर, आणि 800 आवर्तनांनंतरही किमान 80 टक्के क्षमता राखणारी बॅटरी. इन्व्हर्टर, ड्राइव्ह आणि चार्जर फोनपेक्षा कितीतरी जास्त वर्षे चालणे अपेक्षित असते, तर तिथेही असेच आकडे मागायला हरकत काय?

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला; त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद असलेला भाग 22.3 टक्के. पुनर्वापर झाला तरी त्यातून तांबे, सोने, लोखंड परत येते. टँटलम, गॅलियम, दुर्मिळ मृदा धातू बहुतांशी मळीत किंवा धुळीत जातात. म्हणून आम्ही पुनर्वापराआधी दुरुस्तीचे बोलतो. ‘शाश्वत’ हा शब्द फार मोठा आहे. इथे दहा वर्षे टिकले तरी पुष्कळ झाले.

आपल्याला विनंती अशी. आपण नव्या उपकरणांची ओळख करून देता तेव्हा किंमत आणि वैशिष्ट्यांच्या चौकटीतच चार ओळी आणखी छापाव्यात. सर्वांत अल्पायुषी भाग कोणता आणि यंत्राच्या आतल्या तापमानाला त्याचे तास किती. खोके स्क्रूने उघडते की गोंद फोडून. सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा किती वर्षे मिळणार. सॉफ्टवेअरचा आधार कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर यंत्र नेटशिवाय चालेल का. हे आकडे रचना करणाऱ्याच्या वहीत आधीच असतात; त्याशिवाय वॉरंटीची मुदत ठरवताच येत नाही. कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर त्या ओळीपुढे ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापावे.

आपले,
पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची रचना व दुरुस्ती करणारे काही वाचक